शून्य डाऊन पेमेंटची जाहिरात मराठीत, मग कागद का नाहीत?

प्रति,
बेळगाव जिल्ह्यातील बँका, गृहकर्ज कंपन्या व पतसंस्था यांचे व्यवस्थापक, बांधकाम व्यावसायिक, आणि बँकांच्या जिल्हा सल्लागार समितीचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

टिळकवाडीत माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं लहानसं दुकान आहे. एकोणीस वर्षं मी लोकांचे अर्ज भरून देते, उतारे आणि करारपत्रं वाचून त्यांचा अर्थ सांगते. येणारं माणूस मराठी बोलतं आणि त्याच्या हातातला कागद कन्नड नाहीतर इंग्रजी असतो, त्यामुळं हे काम आपसूकच माझ्याकडं आलं. शाळा माझी मराठी. कन्नड वाचायला मी दुकानात बसून शिकले, आणि बँकेचं इंग्रजी शिकले ते भावाच्या कर्जापायी. त्याबद्दल पुढं लिहिते.

गेल्या आठवड्यात एक तरुण जोडपं आलं. तो शिनोळीला कारखान्यात कामाला, ती शहापुरातल्या कापडाच्या दुकानात. दोघांची मिळून महिन्याची कमाई पस्तीस हजार. पेपरातून घरी आलेलं हँडबिल त्यांनी जपून घडी घालून आणलं होतं. वर गुढीचं चित्र आणि खाली ठसठशीत मराठीत मजकूर: पाडव्याचा मुहूर्त साधा, शून्य डाऊन पेमेंट, भाड्याच्या पैशात स्वतःचं घर. सोबत कर्जाची फाईल होती, साठ-पासष्ट पानांची. सगळी इंग्रजीत, मध्ये चार पानं कन्नड. सह्यांच्या जागी पेन्सिलीनं फुल्या मारलेल्या. मराठीची एक ओळ त्या फाईलीत नव्हती.

ती मुलगी म्हणाली, "काकू, आमच्या खिशातनं काय जायचं नाही म्हणून ह्यात कुठं लिवलंय, तेवढं दाखवा की."

मी सगळी पानं उलटली. तसं कुठंच लिहिलेलं नव्हतं.

लिहिलेलं होतं ते असं. फ्लॅटची किंमत २६ लाख. कर्ज २३ लाख ४० हजार. उरलेले २ लाख ६० हजार ग्राहकाकडून रोख मिळाले, अशी बिल्डरची पावती जोडलेली. ग्राहकानं स्वतःचा हिस्सा भरल्याच्या या पावतीला तुम्ही ओसीआर म्हणता. त्या दोघांनी २६ रुपयेही दिलेले नव्हते. फाईलीच्या मागं एका वेगळ्या पाकिटात शंभर रुपयांचा बाँड होता. त्यात हेच २ लाख ६० हजार 'हातउसने' म्हणून दाखवलेले, मुद्दलावर महिना शेकडा दोननं व्याज, २४ महिन्यांत फेड, आणि तारण म्हणून सहा कोरे चेक.

मी दुकानातल्या कॅल्क्युलेटरवर त्यांच्यासमोरच हिशोब केला. बाँडचं दोन वर्षांचं व्याज १ लाख २४ हजार ८०० रुपये. म्हणजे फेड ३ लाख ८४ हजार ८००, महिन्याला सोळा हजार. घराचा हप्ता आठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी धरला, तर साडेएकोणीस हजार. दोन्ही मिळून साडेपस्तीस हजारांच्या वर. कमाई पस्तीस. आज ते भाडं भरतात साडेसहा हजार. आणि हँडबिल म्हणतं, भाड्याच्या पैशात घर. तो पोरगा बराच वेळ गप्प बसला. मग हळूच म्हणाला, "खायाचं काय मग?"

हे पत्र मी त्या प्रश्नासाठी लिहिते आहे. जाहीर लिहिते, कारण अशा फाईली माझ्या टेबलावर एकट्या-दुकट्या येत नाहीत.

बँकवाल्यांनो, आधी तुमच्याशी बोलते. रिझर्व्ह बँकेचा नियम तुम्हाला पाठ आहे. तीस लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, तीस ते पंचाहत्तर लाखांपर्यंत ८० टक्के, त्यापुढं ७५ टक्के. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी या किमतीत धरायची नाही. घर दहा लाखांच्या आतलं असेल तरच ती मुभा आहे. म्हणजे निदान दहा टक्के आणि नोंदणीचा सगळा खर्च घेणाऱ्यानं स्वतःच्या गाठीतून घालायचा. हा नियम गरिबाला अडवण्यासाठी केलेला नाही. घराचा भाव पडला किंवा माणसाची नोकरी गेली, तर त्याच्या डोक्यावर घराच्या किमतीपेक्षा मोठं कर्ज उरू नये, एवढीच त्यामागची काळजी. मग बिल्डरच्या हातची रोख पावती बघून तुमचा अधिकारी पुढं कसा जातो? पस्तीस हजार कमावणाऱ्यानं २ लाख ६० हजार रोख कुठून आणले, हे पासबुक मागून एकदा तरी विचारावं, असं त्याला वाटत नाही का? दोन हजारांच्या कर्जाला आमच्याकडं दोन जामीनदार मागतात हो.

दुसरा प्रकारही मी पाहिला आहे. फ्लॅट ठरतो चोवीस लाखांना आणि करारात लिहितात पावणेसत्तावीस. त्याच्या ९० टक्के कर्ज काढलं की चोवीसच्या चोवीस लाख बँकेचे. घेणाऱ्याला वाटतं, आपलं कल्याण झालं. मुद्रांक आणि नोंदणी मात्र फुगवलेल्या आकड्यावर भरावी लागते. नोंदणी शुल्क तर ३१ ऑगस्ट २०२५ पासून राज्यात एक टक्क्याचं दोन टक्के झालं आहे. पंचवीस लाखांच्या घराला नुसत्या नोंदणीचे पन्नास हजार, मुद्रांक, सेस, अधिभार वेगळे. आणि उद्या हे घर विकायची पाळी आली तर त्याला खरा भाव येणार चोवीसचाच. मूल्यांकन करणारा माणूस बँकेच्या यादीतला असतो, बिल्डरच्या नव्हे. त्याच्या अहवालावर सही कुणाची असते, ते तुम्हीच बघा.

आता भावाची गोष्ट. कंपनीचं आणि बिल्डरचं नाव मी घेत नाही, मला कुणाशी भांडण उकरायचं नाही. भाऊ उद्यमबागेत सीएनसी मशीनवर आहे. जानेवारी २०२२ मध्ये त्यानं पंचवीस लाखांचा फ्लॅट घेतला, तोही 'शून्य'वरच. साडेबावीस लाख गृहकर्ज, ६.९ टक्क्यांनी, हप्ता १७,३०९. उरलेल्या अडीच लाखांचं वैयक्तिक कर्ज त्याच दिवशी दुसऱ्या टेबलावर करून दिलं, १४ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी, त्याचा हप्ता ५,८१७. दोन कर्जांवर आपण सह्या केल्या हे त्याला पहिल्या महिन्यात दोन मेसेज आल्यावर कळलं. मुद्रांक, नोंदणी, वकील यांचे सव्वा लाख उभे करायला माझ्या पाटल्या सोसायटीत गहाण गेल्या. त्याबद्दल माझी तक्रार नाही, भावासाठी ठेवल्या. तक्रार पुढच्याची आहे.

त्याच वर्षी मे महिन्यापासून रिझर्व्ह बँकेनं रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो दर, चढवायला सुरुवात केली. चार टक्क्यांचा दर फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहावर गेला. भावाचं व्याज ९.४ टक्के झालं. तेव्हा बाकी साधारण २२ लाख २० हजार होती. तिच्यावर एका महिन्याचं व्याजच १७,३९० रुपये, आणि त्याचा हप्ता १७,३०९. पुन्हा वाचा. एकही हप्ता न चुकवता त्याचं कर्ज वाढत होतं. मग एक दिवस हप्ता एकवीस हजारांच्या घरात गेला. वैयक्तिक कर्जाचा वेगळा होताच. भाऊ दोन वर्षं रविवारची सुट्टी न घेता कामावर गेला. वहिनीनं शिलाईचं काम घरी आणलं. आईच्या औषधाचे पैसे मागताना त्याची मान खाली जायची ते मी पाहिलं आहे.

व्याजदर वाढला हा बँकेचा दोष नाही, एवढं मला कळतं. पण दर बदलता आहे, म्हणजे हप्ता उद्या चार हजारांनी वाढू शकतो, हे सही करण्याआधी त्याला त्याच्या भाषेत कुणीच सांगितलं नाही. स्वतःचे चार पैसे घातलेले असते तर कर्ज लहान असतं, दुसरा हप्ता नसता, आणि ही वाढ त्यानं सोसली असती. शून्य डाऊन पेमेंटवाल्याकडं धक्का सोसायला काहीच उरत नाही.

सगळ्यात जास्त मला लागलं ते वेगळंच. भावाच्या पीएफ खात्यात तेव्हा १ लाख ८० हजार रुपये होते. नऊ वर्षांची नोकरी झालेली. घरासाठी पीएफमधून पैसे काढता येतात, हे ना बिल्डरच्या माणसानं सांगितलं, ना कर्ज करून देणाऱ्यानं. १४ टक्क्यांचं कर्ज देणाऱ्याला ते सांगायची गरज वाटली नसेल. मला स्वतःलाही तेव्हा माहीत नव्हतं. अजून रात्री ते आठवलं की झोप लागत नाही.

अनुदानाचंही असंच. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० सप्टेंबर २०२४ पासून सुरू आहे. वर्षाला नऊ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या, देशात कुठंही पक्कं घर नसलेल्या कुटुंबाला, ३५ लाखांपर्यंतच्या घरावर आणि २५ लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याज अनुदान मिळतं. पहिल्या आठ लाखांवर चार टक्के, एकूण जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, आणि तेही पाच वार्षिक हप्त्यांत. तुमचे एजंट मात्र दारात येऊन सांगतात, "डाऊन पेमेंट सरकार भरतंय." सरकार डाऊन पेमेंट भरत नाही. अनुदान कर्ज झाल्यावर येतं, पाच वर्षांत तुकड्यातुकड्यानं येतं, आणि पात्र ठरलं तर येतं. त्या जोडप्याला ही योजना लागू होण्यासारखी आहे, पण त्यांच्या फाईलीत त्याचा अर्जच नव्हता.

बिल्डरांनो आणि प्लॉटवाल्यांनो, तुम्हालाही सांगायचं आहे. येळ्ळूर, अनगोळ, मजगाव, शहापूरच्या शिवारात आमचा बासमती पिकायचा, अजूनही उरलेल्या वाफ्यांत पिकतो. त्याच शेतांत आता चुना मारून प्लॉट पाडलेले दिसतात. 'बिनव्याजी हप्ते, आज एक रुपयाही नको' म्हणून विकले जातात. कागद कोणता? शंभरचा बाँड. जमीन बिगरशेती झालेली नाही, उताऱ्यावर शेतकऱ्याच्या घरातली सात नावं तशीच, मालमत्तेच्या नोंदीचे ग्रामपंचायतीचे फॉर्म ९ आणि ११ नाहीत, ई-खाता म्हणजे ऑनलाईन मालमत्ता नोंदही नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेची खरेदी नोंदवावीच लागते, नुसत्या बाँडनं मालकी येत नाही. तीन-चार वर्षं हप्ते भरून झाल्यावर माणूस घर बांधायला कर्ज मागतो आणि बँक त्याला दारातूनच परत पाठवते. मग तो माझ्याकडं येतो, बाँडची झेरॉक्स काढायला. तो कागद त्यानं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून देवघरात ठेवलेला असतो. त्याला खरं काय ते सांगायचं काम माझ्यावर येतं. बळ्ळारी नाल्याकाठच्या शेतात पावसाळ्यात पाणी भरतं, ते तर शहापूर-वडगावच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. तिथंही प्लॉट दाखवले जातात, पण उन्हाळ्यात.

सगळेच असे नाहीत. पूर्ण कागद हातात देणारे, वकिलाकडं दाखवून या म्हणणारे बिल्डर आमच्या गावात आहेत, मी त्यांची कामं टाईप केली आहेत. कमी डाऊन पेमेंटवर घर देणं हेही वाईट नाही. भाडं, शाळा आणि दवाखाना भागवून पाच लाख साठवायचे म्हटलं तर आमच्या माणसाची पन्नाशी उलटते. त्याला मदत करायची तर उघड करता येते. बांधकाम चालू असताना त्याचे दहा टक्के बिनव्याजी, थोडे थोडे घ्या आणि ते वेळापत्रक नोंदवलेल्या करारात लिहा. बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या रेरा कायद्याच्या कलम १३ प्रमाणे करार नोंदवण्याआधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त आगाऊ घेता येत नाही, आणि कलम १२ प्रमाणे जाहिरातीतल्या खोट्या माहितीमुळं ग्राहकाचं नुकसान झालं तर भरपाई द्यावी लागते. 'शून्य' हा शब्द छापण्याआधी हे कलम एकदा वाचा.

आता भाषेचं. मी कन्नडविरुद्ध एक शब्द बोलत नाही. शेजारपाजार, गिऱ्हाईक, माझ्या मुलाच्या मैत्रीतली मुलं, सगळी कन्नड आहेत, आणि मी रोज कन्नड कागद वाचून पोट भरते. प्रश्न इतकाच आहे की वीस वर्षांच्या कर्जावर सही करणाऱ्याला आपण कशावर सही करतो ते कळलं पाहिजे. ही माझी हौस नाही, रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नव्या किरकोळ कर्जाला मुख्य बाबींचं विवरणपत्र, म्हणजे तुमचं केएफएस, द्यायचं आहे. ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत लिहायचं आहे. समजावून सांगायचं आहे, आणि समजल्याची पोच घ्यायची आहे. व्याज, विमा, कायदेशीर खर्च, सगळं धरून वर्षाला खरे किती टक्के पडतात ते त्यात लिहायचं आहे. त्यात नसलेला खर्च कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय पुढं लावता येत नाही. विचार करायला निदान तीन कामाचे दिवस द्यायचे आहेत. त्या जोडप्याच्या फाईलीत हे पत्रक होतं, इंग्रजीत. खाली 'मला समजावून सांगितले व समजले' अशा अर्थाच्या ओळीपुढं पेन्सिलीची फुली होती. जाहिरात मराठीत करायला तुमच्याकडं माणूस आहे, छापखाना आहे. मग तीन पानांच्या विवरणपत्रालाच मराठी का मिळत नाही?

माझ्या मागण्या साध्या आहेत.

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत कर्जदारानं मराठी मागितली तर विवरणपत्र मराठीत द्या आणि ते घरी नेऊ द्या. दर दोन-अडीच टक्क्यांनी वाढला तर हप्ता किती होईल, तो आकडा त्याच पानावर लिहा.

रोख ओसीआर पावती स्वीकारू नका. स्वतःचा हिस्सा ग्राहकाच्या खात्यातून बिल्डरच्या खात्यात गेलेला दिसला पाहिजे. ग्राहकाकडून दुसरा कुठलाही बाँड किंवा कोरा चेक घेतलेला नाही, असं बिल्डरकडून लिहून घ्या.

अर्जातच दोन प्रश्न विचारा: पीएफ आहे का, आणि आवास योजनेला पात्र आहात का. विम्याची सक्ती कायद्यात नाही हे तोंडी नको, लेखी सांगा.

जिल्हा सल्लागार समिती दर तिमाहीला बसते. पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा. कोणत्या प्रकल्पांना आणि लेआऊटना बँका कर्ज देतात, त्यांची यादी कन्नड आणि मराठीत प्रत्येक शाखेच्या फळ्यावर लावावी. त्या एका कागदानं बाँडवरचे निम्मे व्यवहार थांबतील, असं माझं मत आहे.

मायक्रोफायनान्सच्या वसुलीपायी गावागावांतल्या बायाबापड्यांचे हाल झाले, तेव्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य सरकारला अध्यादेश काढावा लागला. तेव्हाही आधी कुणी ऐकलं नव्हतं. घराच्या कर्जात रक्कम पन्नासपट मोठी असते, म्हणून मी आत्ताच सांगते आहे.

मराठी मसुदा करायला माणूस नाही, ही अडचण कुणी पुढं करू नये. विवरणपत्राचा नमुना मला द्या, मी मराठीत टाईप करून देते, पैसे नकोत.

त्या दोघांना मी सोमवारी परत यायला सांगितलं आहे. तो पीएफची शिल्लक काढून आणणार आहे, ती आवास योजनेसाठी कागद गोळा करते आहे. चौकशी केली तर सहा-सात लाखांनी स्वस्त, जुनं पण कागद पूर्ण असलेलं घर मिळेल असं दिसतंय. ती फाईल अजून त्यांच्याच पिशवीत आहे, बाँडसकट. सह्या झालेल्या नाहीत.

आपली,
टिळकवाडी, बेळगाव येथील एक झेरॉक्स दुकानदार